आधी काच पूस

लोणावळ्याला सुमनताईकडे निघालेला मी बेगडेवाडीलाच उतरलो. तिच्या शेजारच्या मावशींचा फोन आला होता, "लवकर या भाऊ, ताई लय थकल्यात." त्या धांदलीत गाडी थांबली म्हणजे लोणावळा आलं, असं मी परस्पर ठरवून टाकलं. बायको डब्यातच राहिली. तिला पाट्या वाचायची सवय आहे. पुढची लोकल येईपर्यंत बाकावर बसून आभाळ बघत राहिलो. अख्खा पावसाळा सरल्यावर त्या दुपारी पहिल्यांदाच खूप उंचावर पांढरे, विरळ धागे पसरले होते... ताईचे ढग.

सुमनताई माझी चुलत बहीण. डोंगरावरच्या प्रयोगशाळेत तिनं सारी नोकरी या ढगांमागे घालवली. छतातल्या काचेतून लेसरचा हिरवा किरण वर सोडायचा आणि ढगाला लागून जो उजेड परत येईल तो वाचायचा. तेवढ्या उंचीवर बहुतेक बर्फाचेच कण. "थेंब गोल, दिलेला उजेड तसाच परत करतो," ती सांगायची. "बर्फाला कोपरे. तो मुरड घालूनच पाठवतो." मग माझ्याकडे बघून, "तू थेंब, तुझी बायको बर्फ." बायकोला हे फार आवडे.

एकदा तिनं मला ती काच पुसायला छतावर धाडलं. मी चिक्कीचे हात पुसलेल्या रुमालानंच पुसली. खाली आलो तर ताई संगणकासमोर हसत बसलेली. म्हणाली, आज ढग फारच खाली उतरलेत रे, थेट काचेवर. तेव्हापासून मला काचेपाशी मज्जाव. तिचं मलमलचं फडकं ती स्वतः धुऊन दोरीवर वाळत घालायची. निवृत्तीनंतर ते घरच्या खिडकीच्या कामाला लागलं.

यंदा पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. खिडकीबाहेर नुसतं धुकं. औषधांचं ती काही विचारत नसे. वरचं आभाळ कधी उघडेल, एवढंच विचारायची. ते ढग तिला एकदा बघायचे होते...

मी पोचलो तेव्हा ताई गेली होती. उशाशी बायको, आणि दोरीवर ओलं फडकं.

त्याला आता महिना होत आला. त्या दिवशी सगळं आटोपल्यावर मी बायकोला म्हणालो, ढग आले आणि बघितले कुणी, तर बाकावर बसलेल्या मी. ती फडक्याची घडी घालत होती.

"तिनंही बघितले," ती म्हणाली. "आधी काच पूस म्हणाली, मी पुसली. मग कितीतरी वेळ बघत होती." घडी कपाटात ठेवत म्हणाली, "बरं झालं तुम्ही बेगडेवाडीला उतरलात. नाहीतर काच तुम्हीच पुसली असतीत."