ठोसरांची दुसरी वेलांटी

नंदकिशोर ठोसरांच्या दुकानात दोन पाट्या होत्या. एक वर, मोठी: 'ठोसर विनाइल व अक्षरकर्तन'. दुसरी आत, काउंटरच्या मागे, लहान: 'येथे अशुद्ध मराठी कापून मिळणार नाही.' पहिली पाटी कुणी वाचत नसे. वाशीच्या एपीएमसी मार्केटसमोरच्या त्या गल्लीतल्या टेम्पोवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना ते दुकान 'ठोसर रेडियम' म्हणूनच ठाऊक होतं. ठोसर प्रत्येकाला समजावून सांगत, की बाबा रे, यात रेडियम नसतं, हा एक प्लास्टिकचा चिकट कागद आहे. गिऱ्हाईक मान डोलवून ऐकून घेई आणि म्हणे, बरं, मग लाल रेडियम आहे का?

दुसरी पाटी मात्र सगळे वाचत, आणि बरेचसे वाचून परत जात.

ठोसरांनी सव्वीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. छापखाना पंचाण्णव साली बंद पडला. हातात आलेली रक्कम बरोबरच्या लोकांनी बँकेत ठेवली, कुणी गावाकडे घर बांधलं. ठोसरांनी अक्षरं कापायचं मशीन घेतलं, त्याला जोडायला एक कॉम्प्युटर घेतला, आणि टी-शर्टवर अक्षरं चिकटवायला एक हीट प्रेस घेतला. हा हीट प्रेस म्हणजे सँडविच करायच्या भांड्याचा थोरला भाऊ. वरची तापलेली प्लेट दांडा ओढून खाली दाबायची, पंधरा सेकंद मोजायचे, उचलायची. हे सगळं घेण्यामागे ठोसरांचं म्हणणं एवढंच होतं, की अक्षरांशी संबंध राहील. तो राहिला, पण सव्वीस वर्षं कवितेतले स्वल्पविराम जागच्या जागी बसवल्यावर त्यांच्या वाट्याला 'हॉर्न ओके' आणि नंबरप्लेटा आल्या.

मशीनने तर पहिल्या दिवसापासून वैर धरलं होतं. पातं जरा खोल गेलं की खालचा कागदही कापून टाकी. जरा वर राहिलं तर नुसतं ओरखडे काढी. त्या पात्याची चकती ठोसर रोज पाव पाव आट्याने फिरवत बसत, जशी जुन्या रेडिओवर सिलोन शोधावी तशी. त्यात मराठी अक्षरांची तऱ्हा वेगळी. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, आपली हातात हात घालून. कॉम्प्युटरला ते हात दिसत नसत. तो दर अक्षराची शिरोरेघ वेगळी कापी, आणि 'गणपती' सोलायला घ्यावा तर त्याचे चार तुकडे हातात येत. सगळी अक्षरं एकमेकांत वितळवून टाकायची एक सोय त्यात होती, हे ठोसरांना दोन महिन्यांनी कळलं. तोवर गल्लीतले अर्धे गणपती सांध्यांवर उचकटले होते.

कापून झाल्यावर अक्षरांभोवतीचा नको असलेला भाग चिमट्याने उचलायचा असतो. हे काम चारुलताबाई, म्हणजे सौ. ठोसर, दुपारी येऊन करत. त्याला त्या 'निवडणं' म्हणत, तांदूळ निवडावे तसं. त्यांचा हात झरझर चाले, पण अनुस्वार फार बारीक. नको असलेल्या भागाला चिकटून तोही निघून येई आणि कुठे पडे ते सापडत नसे. एकदा 'अंबिका'चा टेम्पो बाहेर उभा, मालक घाईत, आणि अनुस्वार बेपत्ता. बाईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक काळी टिकली 'अ'च्या डोक्यावर लावून दिली. मालक खूश होऊन गेला. ठोसरांना कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. टिकली चांगली तीन पावसाळे टिकली, असं बाई अजून सांगतात.

ठोसरांना खरा ताप होता तो तबरेजचा.

तबरेज नाखवा उरणकडचा. कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्याचा टेम्पो चालायचा. जुना टेम्पो त्याने भंगारात काढला आणि नवा कोरा घेतला. जुन्याच्या कपाळावर त्याच्या वडिलांनी, अहमदचाचांनी, स्वतः रंगवलेलं होतं: 'बापाचा आशिर्वाद'. अहमदचाचा एके काळचे पेंटर. उरण ते पनवेल होड्यांवर, दुकानांवर, लग्नाच्या कमानींवर त्यांचा ब्रश फिरलेला. आता हात थरथरायचा, म्हणून नव्या टेम्पोवर रेडियम लावायचं ठरलं. तबरेजने जुन्या टेम्पोचा फोटोच काढून आणला होता. ठोसरांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि परत दिला.

"आशीर्वाद. श ला दुसरी वेलांटी. इथे पहिली आहे."

"काका, ती आमच्या अब्बाची वेलांटी हाय," तबरेज म्हणाला. "तशीच पायजे. अब्बा बोलतो, माझा हाय तसा लिव, नायतर मी त्या गाडीत बसनार नाय."

ठोसरांनी मागच्या पाटीकडे बोट केलं. तबरेजने ती मोठ्याने, शांतपणे वाचली. ठोसरांनी त्याला सांगून पाहिलं, की लाल कागद वापरतो, पिवळी कड देतो, पण श दीर्घच राहील. तबरेज म्हणाला की कड नको, वेलांटी द्या. ठोसर म्हणाले, गल्लीत आणखी दोन दुकानं आहेत, तिथे जा. यावर तबरेजने जे उत्तर दिलं त्याने ठोसरांची मोठी अडचण झाली. तो म्हणाला, त्यांच्याकडं वेलांटी मिळल, पन अक्षर तुमच्यावानी नाय. अब्बा अक्षर बघतो.

आता अशा माणसाला हाकलायचं कसं? ठोसरांनी त्याला चहा पाजला आणि चहाच्या भरात शब्द देऊन बसले.

"ज्या दिवशी या दुकानात माझ्या हातून एक चुकीची वेलांटी कापली जाईल ना, त्या दिवशी ही पाटी मी काढीन, आणि तुझ्या वडिलांचा आशीर्वाद तुला हवा तसा कापून देईन."

"म्हंजे कदी नाय," तबरेज म्हणाला आणि हसत गेला.

पण गेला म्हणजे कायमचा नव्हे. नवा टेम्पो कोऱ्या काचेने फिरू लागला, आणि दर सोमवारी कांदा उतरवून झाला की दुकानासमोर थांबू लागला. तबरेज खिडकीतून डोकं काढून एवढंच विचारायचा, "काका, चुकला काय?" ठोसर मान हलवायचे. घरी अहमदचाचा गाडीत बसायचे थांबलेलेच होते. शुक्रवारी नमाजाला मुद्दाम रिक्षाने जात, आणि मुलाच्या टेम्पोशेजारून जाताना मान फिरवत. तबरेज हेही ठोसरांना सांगायचा. ठोसर ऐकून घेत आणि त्या दिवशी पात्याची चकती जरा जास्तच फिरवत.

असे पाच-सहा महिने गेले आणि सत्त्याण्णवच्या जानेवारीत पाटीने पहिलं गिऱ्हाईक आणलं. नेरुळच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या गीतांजलीबाई भाजी घ्यायला मार्केटात आल्या होत्या. जाता जाता पाटी दिसली, तशा पिशव्यांसकट आत आल्या. शाळेत शुद्धलेखनाचा पंधरवडा होता. शनिवारी मुलांची फेरी निघणार होती. चोवीस मुलं, चोवीस पांढरे टी-शर्ट, पाठीवर निळ्या अक्षरांत: 'मी शुद्ध लिहिणार'. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणावर मी हे काम सोडलं नसतं. हे वाक्य ठोसरांनी त्या आठवड्यात चारुलताबाईंना इतक्या वेळा ऐकवलं, की त्या शेवटी म्हणाल्या, अहो, मीच म्हटल्यासारखं वाटायला लागलंय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाडीवरचं रेडियम सुलट कापतात, पण टी-शर्टवरचं उलटं कापावं लागतं, आरशात दिसतं तसं. कारण त्याची चिकट बाजू वर असते. ते पालथं घालून शर्टावर दाबलं की सुलट होतं. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्याला उलटं वाचायची सवय असते. प्रुफं वाचणाऱ्याला नसते. त्याच्यापुढे सगळं सुलट होऊनच येतं. सव्वीस वर्षं ठोसरांपुढे सुलटच आलं होतं.

आणि आपली पहिली वेलांटी आरशापुढे धरा. दुसरी दिसते.

गुरुवारी दुपारी पहिला कागद कापून बाहेर आला. चारुलताबाईंनी निवडून ठेवला. ठोसरांनी चष्मा पुसला आणि सवयीने पाहिलं. 'मी'ची वेलांटी म च्या डाव्या अंगाला. 'लिहि'च्या दोन्ही वेलांट्या उजव्या अंगाला. तीनपैकी तीन चूक. वास्तविक अक्षरं उलटी आहेत हे त्यांना ठाऊक होतं. म उलटा, श उलटा, सगळं उलटं. पण वेलांटीपुढे त्यांचं डोकं चालत नसे, डोळे चालत. शिवाय दिवाळीच्या सुमाराला कॉम्प्युटरने खरंच एकदा वेलांट्यांची अदलाबदल केली होती. 'दीपक'चा 'दिपक' होता होता राहिला होता. तेव्हापासून ते त्या यंत्राला चोर समजत. चोर पुन्हा सापडला.

त्यांनी कॉम्प्युटरपुढे बसून तिन्ही वेलांट्या स्वतःच्या हाताने बदलल्या. पुन्हा कापलं. आता कागदावर वेलांट्या जिथे हव्या तिथे आल्या. चारुलताबाई काहीतरी म्हणू पाहत होत्या, मघाशीच बरं होतं की काय असं, पण ठोसरांनी हात वर केला आणि चोवीस कागद कापले.

मग हीट प्रेस. एका जुन्या बनियनवर चौकोनी तुकडा दाबून पाहिला. उष्णता बरोबर होती. पुढे एकेक शर्ट अंथरायचा, कागद पालथा घालायचा, वर जुन्या प्रुफाचा ताव ठेवायचा, दांडा ओढायचा. शर्टांतली ओल वाफ होऊन चष्म्यावर येत होती. वरचं प्लास्टिक दुधी रंगाचं, आणि ते गार झाल्याशिवाय सोलायचं नसतं, नाहीतर अक्षर ओढलं जातं. म्हणून ठोसर प्रत्येक शर्ट पालथा करून शेजारच्या बाकावर ठेवत गेले. चोवीस शर्टांची नीट चळत झाली. ठोसर घाम पुसत बसले आणि म्हणाले, चारू, चहा सांग.

तेवढ्यात तबरेज आला. गुरुवार होता, त्याचा वार नव्हता. पण गाडीला जॅक पाहिजे होता, शेजारच्या दुकानात तो घ्यायला आला आणि इकडे डोकावला. बाकावरचा वरचा शर्ट गार झालेला बघून त्यानेच प्लास्टिक सोललं. ठोसर नको म्हणेपर्यंत सोलून झालं होतं. तबरेजने शर्ट दोन हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"काका," तो म्हणाला, अगदी हळू, "मी ला पहिली देतात काय?"

'मि शुद्ध लीहीणार'.

ठोसरांनी दुसरा सोलला. तिसरा सोलला. चोवीसही सोलले, जणू एखादा तरी दयेने सुटला असेल. मग ते स्टुलावर बसले. चारुलताबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी शर्ट पाहिला आणि चहा काउंटरवर ठेवला. पहिल्यांदा बोलला तो तबरेजच.

"काका, दुकानाच्या बाहेर गेलं नाय ना. इथंच हाय. मला पन काय दिसलं नाय."

यात त्याची चेष्टा नव्हती. सहा महिने ज्याची वाट पाहिली तेच तो सोडून देत होता. ठोसरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या पाटीकडे पाहिलं.

"पाटीवर 'कापून' लिहिलंय," ते म्हणाले. "'बाहेर नेऊन' नाही लिहिलं."

आणि स्टुलावर चढून त्यांनी पाटी काढली. तिचा एक खिळा निघेना. तो तबरेजने जॅकच्या दांड्याने काढून दिला.

शुक्रवारी ठोसर मुंबईहून चोवीस नवे शर्ट घेऊन आले. या वेळी कागद कापून झाल्यावर चारुलताबाईंनी घरून आणलेला हातआरसा पुढे धरला आणि ठोसरांनी आरशात बघून प्रूफ वाचलं. शनिवारी मुलं वेळेवर, शुद्ध निघाली. जुने चोवीस शर्ट फाडून टाकायला ठोसर निघाले होते, पण तबरेज म्हणाला नवे कपडे कोण फाडतो, आणि सगळे मार्केटात हमालांना वाटून आला. ते चांगल्या कापडाचे निघाले. पुढची दोन वर्षं रोज सकाळी ठोसर दुकान उघडताना समोरून कांद्याची गोणी पाठीवर घेतलेला कुणीतरी जायचा, आणि गोणीखालून 'लीहीणार' दिसायचं.

शब्द मात्र पाळायचा राहिला होता. सोमवारी टेम्पो आला तो दुकानासमोर इंजिन बंद करूनच उभा राहिला. पुढच्या सीटवर अहमदचाचा होते. गाडीत बसणार नाही म्हणणारे चाचा बसूनच आले होते. तबरेजने त्यांना काय सांगून आणलं कोण जाणे. त्यांनी खाली उतरून ठोसरांनी पडद्यावर काढलेलं अक्षर पाहिलं, थरथरत्या बोटाने हवेत ब चं पोट गिरवलं, आणि मान डोलावली. वेलांटीबद्दल ते काही बोलले नाहीत. पातं 'शि'वरून फिरलं तेवढा वेळ ठोसरांनी तोंड रस्त्याकडे केलं होतं, असं चारुलताबाई सांगतात.

गाडी रोज धुतली जाते, म्हणून अक्षरं काचेच्या आतून लावायची ठरली. तेव्हा तीही उलटीच कापली. ठोसर स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले, काच पुसली, आणि एकेक अक्षर पट्टीने दाबत चिकटवलं. बाहेर उभे राहून अहमदचाचांनी वाचलं: 'बापाचा आशिर्वाद'. त्यांना हवं तसं. ते दार उघडून आत, ठोसरांच्या शेजारी येऊन बसले.

ठोसर उतरेनात. तबरेजने विचारलं, काका, काय झालं? ठोसर आतून काचेकडे बघत होते. सगळी अक्षरं उलटी; पण श च्या उजव्या अंगाला, नीट, ऐटीत, वेलांटी उभी होती. दुसरी.

"काही नाही," ठोसर म्हणाले. "इथून बरोबर आहे."

तो टेम्पो त्यानंतर कितीतरी वेळा गल्लीत आला. ठोसर समोरून त्याच्याकडे कधी बघत नाहीत. पण घरी सोडू का असं तबरेजने विचारलं, की नाही म्हणत नाहीत.