लॉकरसमोरची खुर्ची

नारायण पेठेतल्या बँकेत लॉकर उघडून देणारा तो माणूस कुणालाही ‘बसा’ म्हणायचा नाही. आपली किल्ली फिरवायची, ‘उरका’ म्हणायचं आणि पाठ करून उभं राहायचं. बाबांची कंपनी बंद पडली, तरी ते आईला ‘तुझे दागिने बघून येतो’ म्हणत दर महिन्याला लॉकरला जायचे.

बाबा गेले. वर्षाच्या आत ताईचं लग्न करायचं, म्हणून दागिने काढायला मी आईला घेऊन गेलो. त्याने आधी खुर्ची आणली. “बसा,” तो आईला म्हणाला. मग लॉकर उघडला. आत काहीच नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“अहो, पाठ केली तरी कान असतात. बरीच वर्षं आत काही वाजलं नाही.”

आई रडू लागली. तो नेहमीसारखा पाठ करून उभा राहिला. ‘उरका’ मात्र म्हणाला नाही.