खालची चाल

मुखेडच्या शाळेत मी बारा वर्षं संगीत शिकवते, आणि स्वभाव तापट आहे हे आधीच कबूल करते. गेल्या वर्षी डोक्यात एक खूळ शिरलं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी करुणेवर चार कडवी लिहिली होती. त्यांना मी दोन चाली लावल्या, एक वरची, एक खालची. दोन्ही एकाच वेळी गायच्या. बावीस मुली, सहावी-सातवीतल्या, कोवळ्या गळ्यांच्या.

वरची चाल दोन दिवसांत बसली. खालची काही बसेना. ती गाणाऱ्यांत पुढं एक सातवीतली अबोल मुलगी होती. दुसऱ्या ओळीला ती हमखास वरच्या चालीला जाऊन मिळायची आणि बाकीच्या तिच्यामागं, मेंढरांसारख्या. मी डस्टर आपटलं, ओरडले, एकदा तर तालीम सोडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

मुख्याध्यापक बेजार झाले. म्हणाले, स्नेहसंमेलनात एकदा गाऊन दाखवा. घसरल्या तर लातूरच्या स्पर्धेत सगळ्यांनी एकाच चालीत गायचं. मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संमेलनाला आया पुढं सतरंजीवर बसल्या होत्या. दोन महिने घरात पोरींच्या तोंडून ऐकून ऐकून वरची चाल त्यांनाही पाठ झालेली; खालच्या चालीच्या पोरीही घरी वरचीच गुणगुणायच्या. आता आमच्याकडची रीत अशी, की विहारात असो वा भजनात, गाणाऱ्याचा सूर ढळला की बसलेल्यांनी तो उचलून धरायचा. गप्प बसणं बरं दिसत नाही. मुलींनी दोन चाली सुरू केल्या आणि आयांना वाटलं, पोरी चुकायल्यात. सगळ्यांत आधी गायला लागली ती त्या अबोल मुलीचीच आई. विहारात बायकांची गाणी तीच सांगते. गळा असा, की एसटी स्टँडवर ऐकू जावा. तिनं वरची चाल उचलली आणि तिच्यामागं वीसएक आयांनी.

माझं डोकंच सटकलं. मी हात हलवून त्यांना गप्प करायला लागले, तर त्यांना वाटलं, बाई आवाज वाढवा म्हणतायत. झालं कल्याण!

तेवढ्यात माझं लक्ष त्या मुलीकडं गेलं. मुठी आवळून ती खालची चाल गात होती. दुसरी ओळ आली आणि गेली. ती हलली नाही, म्हणून तिच्या बाजूच्याही हलल्या नाहीत. चारही कडवी. मला रडू आलं, सरळ सांगते.

पडदा पडला तशी तिची आई वर आली, लेकीवर उखडलेली. मी एवढं धरलं तरी ही ऐकायला तयार न्हाई, म्हणाली. मागून मुख्याध्यापक आले आणि पोरी घसरल्या, ठरल्याप्रमाणे आता एकच चाल, असं मला सांगायला लागले. मी तोंड उघडायच्या आत मुलगी बोलली.

"आई, मी चुकले न्हाई. माझी चाल तशीच हाय."

आईनं तिला तिथंच गायला लावलं. एक ओळ नुसती ऐकली. दुसऱ्या ओळीला तिनं वरची चाल हलक्या आवाजात धरली, या खेपेला लेकीला ओढायला नाही. कडवं संपेपर्यंत दोघी आपापल्या जागी राहिल्या.

"सर, हिचं बरोबर हाय," आई म्हणाली. "आन् माझंबी."

मुख्याध्यापक मला म्हणाले, लातूरला दोन्ही चाली न्या बाई, फक्त आयांना न्हेऊ नका.