काकूंचा राक्षस गोड निघाला

तेरा वर्षांच्या लेकीची अर्धी वेणी माझ्या हातात, तिचा एक मोजा बेपत्ता आणि त्यावरून बापलेकीची जुंपलेली. तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या ससेवाल्या काकू! बालवाडीच्या पुस्तकांत ससे, अस्वलं काढण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून अख्खी इमारत त्यांना याच नावानं ओळखते. आज दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

“जरा बघा हो हे,” म्हणत त्यांनी कागद पुढे केला. गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांचं कसलंसं जनावर.

“किती गोड!” मी म्हणाले.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. “तेच तर! ही तलफ आहे. नशेची.”

व्यसनमुक्ती केंद्रातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्या पुस्तिका करत होत्या. तलफ म्हणजे अक्राळविक्राळ राक्षस, असं ठरलं होतं. पण हाताला वळणच सशांचं! मुलांनी त्याला ‘गोट्या’ म्हणत भिंतीवर चिकटवलं. काकू खूश. आणि काल, केंद्रातून घरी परतलेल्या एका मुलानं तिथल्या समुपदेशक बाईंना फोन केला, ‘घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. गोट्याच बरा होता.’

“म्हणजे चित्रातला, की खरी नशा?”

“मला कुठे कळतंय! बाईंनाही कळेना. दात मोठे केले, तर आमचे हे म्हणतात, आता हसायला लागला. काढूनच टाकला, तर पान रिकामं. उद्या त्या पोराच्या हातात पुस्तिका द्यायचीय. रिकामं पान कसं देऊ?”

“आई, वेणी!” लेक करवादली. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या.

“गोट्याच्या शेजारी त्या पोराच्या वयाचं कुणीतरी बसलेलं काढावं म्हणते. पण माझ्या हातून उतरतात ती सगळी चार वर्षांची बाळं. या वयाची मुलं बसतात कशी, तेच हाताला ठाऊक नाही.”

म्हणजे हिला समोर बसवून काढणार! नशेच्या पुस्तकात माझी मुलगी? शाळेत कळलं तर? पण त्या पोराशी घरात कुणी बोलत नाही, हेही डोक्यातून जाईना. मी वेणीचे पेड उगाच पुन्हा सोडले.

“चेहरा नाही काढणार,” काकू घाईनं म्हणाल्या. “शाळेतून आली की हिला अर्धा तास वर पाठवा. एरवी बसते तशीच खुर्चीत बसू दे, बाकी काही नको.”