वाऱ्याला विचारलेली खबर

एकाच सकाळी आईनं आम्हा दोघा भावंडांना एस.टी.त बसवलं. दादा रजा संपवून पलटणीत चालला होता आणि मी कॉम्प्युटर शिकायला पुण्याला. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळं मागं घरात आई एकटीच राहणार होती. दोघांच्या हातावर दही ठेवून झाल्यावर ती दादाला म्हणाली, "पोचल्याबरोबर लिहिजो." मला म्हणाली, "फनी घेतली काय व?" गाडी सुटेपर्यंत ती दादाच्या खिडकीशी उभी होती. मी पलीकडच्या बाजूला बसले होते आणि मला तिचा राग आला होता. त्या वयात राग यायला फार काही लागत नाही.

हे लिहितेय ते यवतमाळकडच्या माझ्या मैत्रिणींसाठी, ज्या तिकडंच राहिल्या, आणि माझ्यासारख्या इकडं येऊन 'काऊन'चं 'का' करून बसलेल्यांसाठीही. पुण्यानं आपल्याला काय दिलं असा विषय निघाला की पॅकेज, फ्लॅट, पोरांची इंग्रजी शाळा इथपासून सुरुवात होते. मला मात्र बुधवार पेठेतली एक खोली आठवते आणि तिची मालकीण.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या, आयुष्यभर मराठी शिकवलेलं. भाडेकरू मुलींना त्या 'अहो' म्हणायच्या आणि त्यात आदर कमी, अंतर जास्त असायचं. पहिल्याच दिवशी मी उशिरा उठून रिकामी बादली घेऊन उभी राहिले, तर म्हणाल्या, "पाणी सातला येतं. तुम्हाला विचारून येत नाही." मी मनात त्यांना काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. खाली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं होती. दिवसभर कुणी ना कुणी नवा स्पीकर वाजवून बघायचं आणि मी वर बसून कोबोलचे प्रोग्राम पाठ करायचे. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार आणि ते निस्तरायला माणसं लागणार, अशी हवा होती. त्या गोंधळावर आमच्यासारख्या कितीतरी पोरींची पोटं भरली, हे आता हसून सांगता येतं.

त्याच उन्हाळ्यात सीमेवर युद्ध पेटलं. दादाची पलटण वर बर्फात गेली. बाईंच्या टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या आणि मी नाव वाचून होईपर्यंत श्वास धरून बसायची. आईची पत्रं मात्र नेमानं यायची. चौथी शिकलेलं तिचं मोठं मोठं अक्षर: 'दादाचं पत्र आलं. खुशाल आहे. तू अभ्यास कर.' आणि खाली एक ओवी. आमच्याकडं तूर अजून जात्यावर भरडायचे आणि आईला भरडताना ओव्या सुचायच्या. एका पत्रात होती:

बर्फाच्या डोंगरावर, ऊन माह्या अंगनाचं
जाय रे सुर्यादेवा, अंग शेक लेकराचं

पुढच्या पत्रात दुसरी, त्याच्या पुढच्या पत्रात तिसरी. सगळ्या दादावर. मी परमुलखात एकटी, मेसची पातळ आमटी पिऊन दिवस काढतेय, आणि माझ्यावर अर्धी ओळसुद्धा नाही! लढाईवर गेलेल्या भावाचा हेवा करणारी बहीण मी एकटीच असेन. लाज वाटते, पण खरं आहे. शेवटी एक दिवस मी पत्र लिहायला बसले: 'तुला एकच लेकरू आहे का?' ते पाकिटात घातलं आणि आईचं पत्र तसंच ओसरीवर विसरून तिकीट आणायला गेले.

परत आले तर बाई ते हातात घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्याचं पत्र वाचलं म्हणून मी भांडायच्या बेतात होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "ही ओवी तुमच्या आईंनी स्वतः केलीय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, वऱ्हाडी शब्दांना जराही न अडखळता:

वाऱ्या, तू जाऊन ये, डोंगराच्या त्या पल्याड
कसं हाय लेकरू माह्यं, एक हाक तं धाड

मग चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, ज्या आईच्या हातात मुलाचं पत्र आहे, ती वाऱ्याला कशाला विचारेल?"

त्यांच्या तोंडून मी 'अगं' पहिल्यांदाच ऐकलं. वर गद्यात आई खोटं लिहीत होती, मला त्रास नको म्हणून; खाली ओवीत तिला ते जमत नव्हतं. इतक्या पत्रांत मी फक्त कुणाचं नाव आहे तेवढंच मोजत बसले होते.

मी बॅग भरायला घेतली. शनिवारी माझी नोकरीची शेवटची मुलाखत होती, ती गेली खड्ड्यात. बाईंनी अडवलं नाही, फक्त फोन पुढं सरकवला. "आधी विचार. मग भर." गावातल्या किराणा दुकानाचा नंबर लावला, दुकानदारानं आईला बोलावून आणलं.

"आई, दादाचं पत्र कधी आलं? खरं सांग."

आई म्हणाली, "दीड महिना झाला, पोरी."

"मी येते. आजच निघते."

"येऊ नोको," ती म्हणाली. तिचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "येऊन काय करशील? आपन दोघी मिळून पोस्टमनची वाट पाहू काय? एक लेकरू कुठी हाय ते मले ठाव नाही. दुसरं कुठी हाय ते तं ठाव राहू दे." आणि तिनं फोन ठेवला.

माझं रागाचं पत्र बाईंच्या समोरच फाडलं. शनिवारी मुलाखतीला गेले. जाताना बाईंनी हातावर दही ठेवलं आणि वर म्हणाल्या, "आंबट आहे. चालवून घ्या." नोकरी लागली. त्यानंतर अकरा दिवसांनी आईचा फोन आला, ती फक्त रडत होती, आणि त्या रडण्यावरूनच मला कळलं की दादा जिवंत आहे. बर्फानं त्याच्या पायाची दोन बोटं नेली होती, बाकी तो सगळा होता. मी पेढे घेऊन बाईंकडं गेले आणि पाया पडले. "पेढे ठेवा तिथं," त्या म्हणाल्या, "आणि यापुढं पत्रं नीट वाचत जा." बाई आता नाहीत. त्यांचे उपकार कसे मानायचे हे मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आज आम्ही वाघोलीत राहतो, सातव्या मजल्यावर. दादा सैन्यातून निवृत्त होऊन गावी शेती करतो आणि आई वर्षातले आठ महिने माझ्याकडं असते. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ती 'कोन गावचे?' विचारते आणि निम्मे लोक आमच्याकडचेच निघतात. तिनं कधी माझ्यावर ओवी केली नाही आणि मीही का ते विचारलं नाही. एवढ्या मोठ्या झालेल्या लेकीनं ते विचारायचं तरी कसं?

गेल्या हिवाळ्यात ऑनसाइट कामासाठी मला महिनाभर युरोपात जावं लागलं. तिथून दोन देश पलीकडं युद्ध चालू होतं. माझ्या शहरात त्याचा मागमूस नव्हता, हे मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं: ट्राम, दुकानं, कॉफी पिणारी माणसं. ती "बरं हाय" म्हणायची. परत आले त्या सकाळी माझ्या लेकीनं सांगितलं, "आई, आजी रोज न्यूज बघून झाल्यावर तांदूळ निवडत तुझ्यावर काहीतरी म्हणायची. तुझं नाव होतं त्यात. सो क्यूट! पण रेकॉर्ड करायला गेलं की थांबायची."

मी बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेले. पंचवीस वर्षांची हाव होती माझी. आई कणीक मळत होती.

"आई, ती माझ्यावरची ओवी म्हण ना."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिठाच्या हातानं माझा गाल चाचपला.

"आता काऊन म्हनू?" ती म्हणाली. "तू घरी आली ना."