ठकूबाईच्या अंगातला कॅप्टन

ठकूबाईच्या अंगात उभ्या जन्मात कधी वारं आलं नव्हतं. पालखीला बायका घुमायला लागल्या की ही तोंडाला पदर लावून हसायची. आंबेनळीच्या रस्त्यावरची त्यांची वाडी तिला त्यावरून नावं ठेवायची.

तिचा नवरा हैबती मात्र भलत्याच देवाच्या नादी लागला होता. मुंबईच्या लेकाने दिलेल्या मोबाईलवर तो दिवसभर अंतराळातले पिक्चर बघायचा. म्हशी ओरडून ओरडून बसल्या तरी ढिम्म! त्यात एक कॅप्टन. यान पेटतं, सगळे पळतात, पण हा बाबा खुर्ची सोडत नाही, आणि वर जगतोसुद्धा. पिक्चर काढणाऱ्याच्या बापाचं काय जातं?

आषाढात घरामागच्या डोंगराला भेग पडली. गुरंढोरं घेऊन वाडी खालच्या शाळेत उतरली. हैबती ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसला.

"कॅप्टन यान सोडत नाय."

"अवो, यान कसलं? घर हाय! मागली भिंत फुगलीय!"

"तू जा गो. मी बघतो."

ठकूबाईने पाय धरले, शिव्या घातल्या, रडली. हा खुळा मेला तर उरलेला जन्म भांडायचं कुणाशी?

मग तिने अंबाडा सोडला आणि घुमायला लागली. हैबतीने रीतीप्रमाणे विचारलं, "कोण हायस तू?"

"कॅप्टन!"

"सोंग करतेस व्हय गो?"

"हैबत्या! ऊठ! यान खाली कर!"

हैबती ताडकन उभा राहिला. लग्नातल्या उखाण्यानंतर बायकोने त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, आणि हे तर सरळ अरे-तुरे! ही ठकी नव्हेच. त्याने खुर्ची डोक्यावर घेतली आणि मुकाट खाली उतरला, मागोमाग ठकूबाई.

दुपारी डोंगर आला. घर, गोठा, दारचा फणस, सगळं घेऊन गेला. शाळेच्या पायरीवर ठकूबाई ढसाढसा रडली.

आता पत्र्याच्या खोलीत ती पुन्हा "अवो, जेवायला चला" म्हणते. पालखीला बायका तिच्यापुढे नारळ ठेवतात, कॅप्टनाला बोलाव म्हणतात. आणि हैबती येईल त्याला सांगतो, यानातून सगळ्यात शेवटी उतरलो तो मी.

"खोटं बोलतोय की गो!" शेजारची जानकीबाई एकदा चिडली.

"बोलू दे," ठकूबाई भाकरी उलटत म्हणाली. "जिता हाय ना मेला!"