एकोणीस नंबरचा नाग

आता तुमच्यापासून काय लपवायचं? समोरच्या भिंतीवर तो खिळा दिसतोय ना, रिकामा? येणारा पाहुणा हमखास विचारतो, इथं काय टांगता म्हणून. आज सांगूनच टाकतो. चहा उकळेपर्यंत माझा गाढवपणा ऐका. अट एकच, हसायचं ते शेवटी हसा!

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी जालन्याच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो. म्हणजे लोकांच्या फैसल्यांच्या, अर्जांच्या नकला करून द्यायच्या. जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवणाऱ्या माणसाला अस्सल काय ते ओळखता येईल, अशी आशाच चुकीची. पण मी स्वतःला मोठा पारखी समजत होतो ना!

त्या वर्षी एका सिगरेट कंपनीनं दर पाकिटात एक रंगीत चित्र टाकायला सुरुवात केली. हिंदुस्थानातली जनावरं, एक ते पंचवीस नंबर. वाघ, हत्ती, मगर, नीलगाय... काय ते रंग! वाघाच्या मिशा मोजून घ्याव्यात. आणि पंचवीसच्या पंचवीस जो जमवेल त्याला कंपनीकडून भिंतीवरचं घड्याळ. टोले देणारं! श्रावणात कंपनीचा एजंट एक दिवस जालन्याला येणार, स्टेशनासमोर बसून संच तपासणार आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढं जाणार.

मी सिगरेट ओढत नव्हतो. पण कचेरीत येणारा प्रत्येक पक्षकार ओढायचा. माझी नजर अर्जावर कमी आणि खिशावर जास्त. 'पाकीट रिकामं झालं का हो पाटील?' असं विचारताना मला लाजसुद्धा वाटेनाशी झाली. आषाढापर्यंत चोवीस जमली. राहिला एक. एकोणीस नंबरचा नाग.

आमचे पेशकार साहेब, म्हणजे कचेरीतले माझे वरिष्ठ, तेही जमवत होते, आणि त्यांचाही नागच अडला होता. एकदा भर कचेरीत ते मला म्हणाले, "क्यों मुन्शीजी, घड्याळ येऊन राह्यलं का न्हाई?"

मी म्हणालो, "साहेब, येऊन राह्यलं म्हणजे? खिळा ठोकून ठेवलाय!"

ठोकला नव्हता. पण बोलून बसलो, मग घरी जाऊन आधी खिळा ठोकला. आमची सरसू, म्हणजे माझी बायको, कमरेवर हात ठेवून बघत होती. "ह्याला काय टांगायचं हाय?"

"टांगल्यावर कळेल तुला."

"आन् ते रोज वहीत काय लिहू राह्यले तुमी? काय हुडकायलात?"

"कचेरीचं काम हाय. तुला न्हाई कळायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे ते.

त्या वहीत मी काय लिहीत होतो? कोणता नंबर किती जणांकडे दिसला, त्याची नोंद. वाघ एकेचाळीस जणांकडे. हत्ती अडतीस. मगरसुद्धा तीसच्या वर. आणि नाग? शून्य. मी त्यावरून पक्का निष्कर्ष काढला, की कंपनी लबाड आहे. घड्याळं द्यायला नकोत म्हणून नागाची चित्रं मूठभरच छापली असणार. अख्ख्या जिल्ह्यात दोन-तीन असली तर असली!

मग मी शोधायला बाहेर पडलो. रजा टाकून अंबडला गेलो. भोकरदनला गेलो. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात तर दिवसभर फिरलो. दिसेल त्या ओढणाऱ्याला एकच सवाल, "नाग आहे का?"

"न्हाई."

लिही शून्य!

भोकरदनचा एक पानवाला म्हणाला, "नाग? आता न्हाई बा. आल्ता, गेला." मी त्याच्यापुढेही शून्यच लिहिलं. आल्ता तर गेला कुठं, हे विचारायला नको होतं का? पण वहीत त्यासाठी रकानाच नव्हता!

शेवटी नाग सापडला तो आमच्या जालन्यातच, करीमभाईंकडे. करीमभाई स्टेशनवर टांगा चालवायचे. गाडीतून उतरलेला प्रवासी टांग्यात बसला की आधी पाकीट फोडायचा, आणि चित्र करीमभाईंच्या हातात पडायचं. त्यांच्या टांग्याच्या पेटीत सगळी चित्रं नंबरवार लावलेली. घड्याळाचा मोह त्यांना नव्हता. "टैम तो मेरेकू रेलगाडी बताती," म्हणायचे. निव्वळ रंग आवडतात म्हणून जमवायचे. असा शौकीन माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी, झिमझिम पावसात, त्यांनी पेटी उघडली आणि एकोणीस नंबर माझ्यापुढे धरला. फणा काढलेला, निळसर काळा, डोळ्यांत लाल ठिपका.

"करीमभाई, हे जपून ठेवा. अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं नसेल."

ते हसले. "किसने बोला? निकलता तो बहुत है मुन्शीजी. टिकता नै."

"म्हणजे?"

"निकलता और चला जाता. किधर जाता, वो सोचो."

बघा! माणसानं उत्तर तळहातावर आणून ठेवलं. आणि मला काय वाटलं? हा भाव वाढवतोय!

ते म्हणाले, "ले जाओ. तुमारे पास हत्ती दो है ना? एक मेरेकू दे देना."

हत्ती? नागाच्या बदल्यात हत्ती? मला वाटलं, बिचाऱ्याला मोल माहीत नाही, आणि मी काही गरिबाला फसवणारा नव्हे. माझ्यातला सज्जन नेमका त्याच वेळी जागा झाला. मी हातातली छत्री त्यांच्या टांग्यात ठेवली. साधी छत्री नव्हती ती. दिवाळसणाला सासऱ्यांनी दिलेली, मुठीवर हरणाचं तोंड कोरलेली! करीमभाई "नको नको" म्हणत राहिले आणि मी चित्र टोपीखाली घालून भर पावसात पळत सुटलो. चिंब भिजलो. टोपी मात्र दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

घरी येऊन टोपी खुंटीवर अडकवली आणि घड्याळाचे टोले ऐकत झोपलो.

सकाळी उठून आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर सरसू भिंतीपुढं बसलेली. भिंतीवर हळदीचा पट्टा ओढलेला आणि त्यावर खळीनं ओळीनं चिकटवलेले नाग. माझे नाग! एकोणीस नंबर, एकोणीस नंबर, एकोणीस नंबर... नऊ! प्रत्येकाच्या फण्यावर हळदीकुंकवाचं बोट, पुढं दूध आणि लाह्या.

मी ओल्या पंच्यानिशी तिथंच खाली बसलो.

सरसूच्या डोळ्यांत पाणी. "तुमाला कसं हो कळलं? आठच जमले व्हते माझे. नवनागांत एक कमी, म्हणून कालधरून जीव टांगणीला लागल्ता. सकाळी तुमची टोपी वाळायला चुलीपाशी नेली, तर त्यातून नववा पडला! लगीन झाल्यापासून पहिल्यांदा तुमी न सांगता माझ्या पूजेला काई आणलं."

आता बोला!

हळूच विचारलं, "हे आठ कुठून आणले गं?"

"चैतापासून जमवायले मी. दरसाल गंधानं काढायचो, औंदा साऱ्या बायांनी ठरिवलं, चित्राचेच लावायचे. ज्याच्या त्याच्या घरी निघतोच की नाग. बायका ठिवून घेत्यात. देवाला तंबाखूच्या डबीत ठिवायचं व्हय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आल्ता, गेला! प्रत्येक पुरुषाच्या पाकिटात नाग निघत होता आणि घरी पोचला की पिठाच्या डब्यामागं जात होता. मी चार गावं पालथी घातली, पण विचारलं फक्त पुरुषांना. चित्रं पुरुषांकडे, नाग बायकांकडे!

आणि करीमभाईंच्या घरी पंचमी नव्हती, म्हणून त्यांच्याकडे तो टिकला होता. एवढी साधी गोष्ट!

एजंट त्याच दिवशी येणार होता. मी चाकूकडे पाहिलं. सरसूनं माझ्याकडे पाहिलं. "आज काई चिरायचं न्हाई, खरडायचं न्हाई, माहीत हाय ना?" माहीत होतं. पंचमीला विळीसुद्धा आडवी ठेवतात, मी भिंतीवरचा नाग खरवडणार? आणि खरं सांगू? रीत नसती तरी तिच्या त्या चेहऱ्यापुढं माझा हात उचलला नसता.

चोवीस चित्रं घेऊन धावत स्टेशन गाठलं. "करीमभाई, अजून एक नाग!"

"आखरी तुमकूच दिया ना. बाकीके तो औरतां ले गये." मग पेटी मिटत म्हणाले, "तीन तो तुमारे घरसेच ले गये."

"माझ्या? काय देऊन?"

"देना क्या? मांगे, मैं दिया."

तीन! फुकट! आणि मी एकासाठी सासऱ्यांची छत्री दिली!

एजंटापुढं रांग होती. पुढं पेशकार साहेब, चोवीस चित्रं घेऊन. मागं मी, चोवीस चित्रं घेऊन. रांगेतल्या प्रत्येकाकडे चोवीसच, आणि प्रत्येकाचा तोच नंबर कमी. मी रागानं विचारलं, "नाग एवढे कमी का छापले हो?"

एजंट वैतागून म्हणाला, "सगळे नंबर बराबर छापलेत! एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई. तुमच्या गावात नागाला झालं तरी काय?"

घड्याळ संध्याकाळच्या गाडीनं पुढं गेलं.

घरी आलो तर करीमभाई दारात उभे, हातात माझी छत्री. "बहन की चीज है," म्हणाले, सरसूच्या हातात दिली आणि वाटीभर पुरणाची दिंडं घेऊन गेले. मग काय, वही, चोवीस चित्रं, चार गावं, सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, सरसू आता रडते. ती हसायला लागली ती डोळ्यांना पदर लावेपर्यंत.

"आवो, मला इचारलं असतं तर चैतातच दिला नसता का एक? मी दुसरा मिळवला असता!"

मिळवला असताच. तिला कोणत्या घरात काय आहे ते वही न उघडता माहीत होतं. खरी पारखी तीच. मी नुसता नक्कलनवीस.

दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याचं बोट फिरवून नववा नाग अलगद सोडवून दिला. संच पुरा झाला, आजही ट्रंकेत आहे, नागाच्या फण्यावर पिवळं बोट उमटलेलं. फक्त घड्याळ नाही.

तेवढा खिळा राहिला. मी कितीदा म्हणालो, उपटून टाकतो. ती उपटू देत नाही. पाहुण्यानं विचारलं, "इथं काय टांगता वहिनी?" की माझ्याकडे बघत सांगते,

"ह्यांची अक्कल टांगायला ठोकलाय, भाऊजी. पण आजून आली न्हाई."